घर बदललं, इंटरनेट कंपनी बदलली. राउटरमध्ये काय बदलायचं?

सामानाचा टेम्पो रिकामा झाला, गॅस जोडून झाला, कपाटं भिंतीला लागली. जुन्या घरात वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेला राउटर नव्या घरात टांगला आणि नव्या कंपनीच्या माणसाने आणून दिलेली वायर त्यात खोचली. मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, पण त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘इंटरनेट नाही’. राउटर तोच, मोबाइल तोच, पासवर्डही तोच, आणि वायर तर कोरी करकरीत. मग अडलं कुठे?

हे कोडं सुटायला राउटरच्या पोटात काय चालतं हे एकदा समजून घ्यावं लागतं. ते समजलं की घर बदलताना कोणत्या सेटिंगला हात लावायचा आणि कोणती तशीच ठेवायची हे आपोआप कळतं. माझ्या मते लोकांना त्रास होतो तो या दोहोंत गल्लत केल्यामुळे.

एका यंत्राला दोन तोंडं

१९७४च्या मे महिन्यात व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन अमेरिकी संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. निरनिराळी नेटवर्क आपापल्या पद्धतीने चालत असताना ती एकमेकांना जोडायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं की प्रत्येक नेटवर्कने आपली पद्धत सोडू नये. दोन नेटवर्कांच्या सीमेवर एक यंत्र बसवावं, त्याला दोन्हीकडचे नियम ठाऊक असावेत. या यंत्राला त्यांनी ‘गेटवे’ म्हटलं. आज आपल्या दिवाणखान्यात लुकलुकणारा राउटर हा त्याच कल्पनेचा घरगुती अवतार आहे.

त्याचं एक तोंड घराकडे असतं. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा हे सगळे या बाजूला. राउटरवर इथे ‘लॅन’ असं लिहिलेलं असतं. दुसरं तोंड इंटरनेट कंपनीकडे. त्या एकुलत्या एका खाचेवर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेलं असतं आणि बहुतेकदा तिचा रंगही वेगळा असतो.

गृहनिर्माण सोसायटीचं फाटक डोळ्यांसमोर आणा. आत प्रत्येक फ्लॅटला क्रमांक आहे. १०२ क्रमांकाचा फ्लॅट शेजारच्या सोसायटीतही आहे, पण त्याने घोटाळा होत नाही, कारण पोस्टमनला लागतो तो सोसायटीचा रस्त्यावरचा पत्ता. घरातल्या उपकरणांचे १९२.१६८ने सुरू होणारे आयपी पत्ते हे असेच फ्लॅट क्रमांक आहेत. १९९६मध्ये इंटरनेटच्या मानकांत असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १०ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१चा आणि १९२.१६८चा. हे पत्ते जगाच्या इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून ते कोट्यवधी घरांत एकाच वेळी वापरता येतात.

बाहेरचा पत्ता मात्र कंपनी देते, आणि संपूर्ण घराला मिळून तो एकच असतो. मग टीव्हीने मागवलेलं चित्र मोबाइलवर कसं जात नाही? फाटकावरचा वॉचमन वहीत नोंद ठेवतो म्हणून. आतून कुणी बाहेर मागणी पाठवली की राउटर लिहून ठेवतो, ही मागणी अमुक उपकरणाची. उत्तर आलं की नोंद पाहून ते त्याच उपकरणाकडे पाठवतो. या पत्तेबदलाला ‘नॅट’ म्हणतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी आहेत आणि त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. तरीही इंटरनेट चालू राहिलं त्याचं मोठं श्रेय या नोंदवहीला आहे.

घर आणि कंपनी बदलली की सोसायटीचा रस्त्यावरचा पत्ता बदलतो. आतल्या फ्लॅटचे क्रमांक बदलण्याचं काही कारण नसतं. राउटरचंही अगदी तसंच: बाहेरचं तोंड नव्याने बसवायचं, आतलं तसंच ठेवायचं. वैतागून पिन घेऊन रीसेटचं बटण दाबलं की दोन्ही तोंडं पुसली जातात. मग जे बिघडलेलंच नव्हतं तेही पुन्हा बसवावं लागतं.

कंपनी तुम्हाला ओळखते कशी?

राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ नावाच्या भागात जोडणीचा प्रकार निवडायचा असतो. कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं, कारण प्रत्येक कंपनीची ग्राहक ओळखण्याची रीत वेगळी असते.

पहिली रीत ‘डीएचसीपी’. यात राउटर चालू झाला की कंपनीच्या यंत्रणेला विचारतो, ‘मला पत्ता द्याल का?’ आणि तिकडून ठरावीक मुदतीसाठी पत्ता मिळतो. तुम्हाला काहीच भरावं लागत नाही. मात्र काही ऑपरेटर पत्ता देण्याआधी समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात कोरलेला बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, तपासतात. लाईन जोडायला आलेल्या मुलाने स्वतःचा लॅपटॉप लावून चाचणी घेतली असेल तर त्या लॅपटॉपचाच क्रमांक नोंदला गेलेला असू शकतो. मग तुमच्या राउटरला पत्ता मिळत नाही. उपाय म्हणजे ऑपरेटरला फोन करून नवा क्रमांक नोंदवून घेणं.

दुसरी रीत ‘पीपीपीओई’. १९९९मध्ये तिचा तपशील जाहीर झाला. टेलिफोनच्या तारेवरून डायल करून इंटरनेट घेण्याच्या काळात जसं युजरनेम आणि पासवर्ड द्यावं लागे, तीच सवय ब्रॉडबँडवर आणणारी ही पद्धत. बीएसएनएलच्या फायबरवर ती वापरतात, आणि आपल्याकडच्या अनेक स्थानिक केबलवाल्यांकडेही. जुन्या घरी ही पद्धत असेल तर राउटर नव्या घरीही जुनंच नाव-पासवर्ड घेऊन दार ठोठावत बसतो, आणि नव्या कंपनीला त्या नावाचं कुणी ठाऊकच नसतं. नवी कंपनी पीपीपीओई वापरत असेल तर तिचं नाव-पासवर्ड भरा. ती डीएचसीपी वापरत असेल तर जोडणीचा प्रकारच बदला; नुसतं नाव-पासवर्ड पुसून काम होणार नाही.

तिसरी रीत स्थिर पत्त्याची, म्हणजे ‘स्टॅटिक आयपी’ची. दवाखाने, दुकानं, कार्यालयं ती घेतात. कंपनी कागदावर पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस लिहून देते, आणि ते अंक जसेच्या तसे भरायचे असतात. जुन्या कंपनीचा स्थिर पत्ता नव्या कंपनीच्या तारेवर चालत नाही, कारण तो तुमच्या मालकीचा नसून त्या कंपनीच्या साठ्यातला असतो.

एक चौथा तपशील काही ठिकाणी लागतो: ‘व्हीलॅन’ क्रमांक. एकाच तारेतून इंटरनेट, फोन आणि टीव्ही वेगवेगळ्या कप्प्यांतून नेता यावेत म्हणून हा क्रमांक असतो. तो कंपनीगणिक आणि कधी कधी भागागणिकही बदलतो. तो अंदाजाने भरू नये, विचारून घ्यावा.

अर्धवट चालणारं इंटरनेट

जोडणी झाली असं राउटर सांगतो, तरीही काही गोष्टी चालतात आणि काही नाहीत, ही स्थिती सर्वांत गोंधळात टाकणारी. तिची दोन कारणं पाहण्याजोगी आहेत.

पहिलं डीएनएस. संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. राउटरमध्ये कधीकाळी जुन्या कंपनीच्या डीएनएसचे अंक हाताने भरलेले असतील तर ते तिथेच राहतात, आणि कंपन्यांचे डीएनएस सहसा बाहेरच्या ग्राहकाला उत्तर देत नाहीत. ओळखायचं कसं? लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून ‘पिंग ८.८.८.८’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता. तिथून उत्तर येतंय पण नावाने एकही पान उघडत नाही, म्हणजे तार ठीक आहे आणि दोष डीएनएसचा आहे. तिथे ‘आपोआप मिळवा’ निवडा, नाहीतर ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरा. लॅपटॉपमध्येही कुणी डीएनएस हाताने भरून ठेवला नाही ना, हेही पाहून घ्या. राउटर दुरुस्त केल्यावरही एकच लॅपटॉप रुसून बसतो त्याचं कारण अनेकदा हे असतं.

दुसरं कारण पाकिटाच्या आकाराचं. इंटरनेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते आणि इथरनेटच्या एका तुकड्यात १५०० बाइट मावतात. पीपीपीओईत प्रत्येक तुकड्यावर ८ बाइटचं जास्तीचं लेबल लागतं, म्हणून आतल्या मजकुराला १४९२च उरतात. पीपीपीओई निवडल्यावर राउटर सहसा हा आकडा स्वतःच लावतो. पण कुणी १५०० हाताने भरून ठेवलं असेल तर मोठे तुकडे वाटेत अडतात: संदेश जातात, काही पानं उघडतात, काही मात्र अर्ध्यावर फिरत राहतात. सेटिंगमध्ये ‘एमटीयू’ नावाने दिसणारा आकडा तो हाच. उलट दिशेने, म्हणजे पीपीपीओई सोडून डीएचसीपीवर जाताना १४९२ तसाच राहिला तर काही बिघडत नाही.

पिवळी वायर आणि लाल दिवा

आता शहरांतच नव्हे, अनेक तालुक्यांच्या गावीही घरात फायबर येतं. ही वायर काचेची, तिच्यातून विजेऐवजी प्रकाश जातो, म्हणून ती साध्या राउटरमध्ये खोचताच येत नाही. मध्ये ‘ओएनटी’ नावाची डबी लागते. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक काचतार वाटेत प्रकाशविभाजकाने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तिकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, आपल्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन रंगांच्या प्रकाशाने एकाच धाग्यावर दोन्ही दिशांची वाहतूक चालते. आपल्याकडून जाताना सगळ्या घरांनी एकदम बोलून चालत नाही, म्हणून केंद्रातलं यंत्र प्रत्येक डबीला तिची वेळ नेमून देतं. त्यासाठी डबीचा क्रमांक आधी केंद्रात नोंदवलेला असावा लागतो. जुन्या कंपनीची डबी नव्या तारेवर लावली आणि ती चालली नाही, याचं कारण इथे आहे: ती बिघडलेली नाही, तिची नोंद नाही.

डबीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा पेटत असेल तर प्रकाश पोचतच नाही असं समजा. वायर कुठे दाराच्या फटीत चेपली आहे का, काटकोनात वळली आहे का, एवढं पाहा आणि कंपनीला कळवा. या स्थितीत राउटरमधली कोणतीही सेटिंग बदलून उपयोग नाही. वायरच्या उघड्या टोकाशी डोळा नेऊ नका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेसरचा असतो.

फाटकामागे फाटक

कंपनीने दिलेली डबी आजकाल निव्वळ डबी नसते, ती स्वतःच राउटरही असते. तिला तुमचा जुना राउटर जोडला की एकामागे एक दोन फाटकं उभी राहतात, आणि दोन्हीकडचे वॉचमन आपापल्या वह्या लिहितात. साध्या वापराला यात फारशी अडचण नाही. पण दोन्ही यंत्रं आतल्या बाजूला १९२.१६८.१चाच पट्टा वापरत असतील तर तुमचा राउटर गोंधळतो, कारण त्याला दोन्ही तोंडांकडे एकच मोहल्ला दिसतो. जिओच्या घरगुती यंत्रात हा पट्टा १९२.१६८.२९चा असतो, त्यामुळे तिथे सहसा टक्कर होत नाही. इतरत्र होऊ शकते.

यावर दोन मार्ग आहेत. कंपनीच्या डबीला ‘ब्रिज’ स्थितीत टाकायला सांगायचं. मग ती फक्त प्रकाशाचा संदेश विजेच्या रूपात बदलून देते आणि खरं फाटक तुमचा राउटर होतो. किंवा तुमच्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ करायचं, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल आणि पत्तेवाटप कंपनीची डबी करेल. राउटरमध्ये तशी सोय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करून, त्याला डबीच्या पट्ट्यातला एक मोकळा पत्ता देऊन, वायर वॅनऐवजी लॅनच्या खाचेत लावली की तेच साधतं. साध्या घरासाठी मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण उद्या तक्रार करावी लागली तर कंपनी ‘तुमचा राउटर काढून बघा’ म्हणून टाळू शकत नाही. दवाखान्यात किंवा कार्यालयात, जिथे स्वतःचे नियम राउटरमध्ये लिहिलेले आहेत, तिथे मात्र ब्रिजचा आग्रह धरावा.

आतलं तोंड: हात लावू नका

जुना राउटर वापरणार नसाल, कंपनीचंच यंत्र वापरणार असाल, तर त्याला जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड द्या. अक्षर न अक्षर तेच, कॅपिटल आणि स्मॉलसुद्धा तेच, सुरक्षेचा प्रकारही तोच. उपकरणं वाय-फाय ओळखतात ती नाव आणि पासवर्ड यांवरून. मागे कोणतं यंत्र आहे याची ती चौकशी करत नाहीत. घरातला टीव्ही, प्रिंटर, आजोबांचा मोबाइल, गच्चीवरचा कॅमेरा सगळे आपोआप जोडले जातात. ही एक गोष्ट केली तर पुढची संध्याकाळ वाचते.

प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला स्थिर आतला पत्ता दिलेला असेल, समजा १९२.१६८.१.५०, तर नव्या यंत्राचा आतला पट्टाही १९२.१६८.१चाच करून घ्या. एका जागी बदल केला की दहा उपकरणांत करावा लागत नाही. स्मार्ट बल्ब आणि स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा तो पट्टा बंद करू नका. नव्या इमारतीत शेजाऱ्यांचे वाय-फाय वेगळे असतील. गर्दी जाणवली तर २.४मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी वाहिनी निवडावी, कारण या तिघीच एकमेकींवर चढत नाहीत.

एकच गोष्ट आतल्या बाजूला जरूर बदला: यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले तयार पासवर्ड एकेक करून लावूनच.

> चौकट: जुनी तार काढण्याआधी
> राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि वॅन, लॅन, वाय-फाय, पोर्ट फॉरवर्डिंग या पानांचे फोटो काढा. यंत्र कंपनीचं असेल तर परत करताना ते रीसेट करा, कारण त्यात तुमचा वाय-फाय पासवर्ड असतो, आणि परत केल्याची पावती घ्या.

बाहेरून आत येणाऱ्यांचं काय?

आतापर्यंत आपण आतून बाहेर जाणाऱ्यांचा विचार केला. डॉक्टरांना घरून दवाखान्याचा संगणक उघडायचा असतो, परदेशी असलेल्या मुलीला गावाकडच्या घराचा कॅमेरा पाहायचा असतो. बाहेरून येणाऱ्याची वॉचमनच्या वहीत नोंद नसते, म्हणून राउटरला आधी सांगून ठेवावं लागतं की अमुक क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर त्याला डीव्हीआरकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हा नियम आतल्या पत्त्यावर बेतलेला असतो, त्यामुळे तो नव्या घरीही जशाचा तसा चालायला हवा. तरीही तो चालत नाही, आणि लोक दिवसदिवस सेटिंग तपासत बसतात.

कारण राउटरच्या बाहेर असतं. पत्ते अपुरे पडल्याने अनेक कंपन्या आता शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. तुमच्या सोसायटीच्या बाहेर एका मोठ्या टाउनशिपचं फाटक उभं राहिलं आहे आणि त्यावरची वही तुमच्या हातात नाही. या व्यवस्थेला ‘सीजीनॅट’ म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा पट्टा राखला गेला. तपासणं सोपं आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅनचा पत्ता लिहून घ्या, मग ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणारं कुठलंही संकेतस्थळ उघडा. दोन पत्ते जुळले तर दार तुमचं. न जुळले, आणि घरात दुसरा राउटरही नसेल, तर वाटेत कंपनीचं फाटक आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी चालणार नाही.

अशा वेळी जास्तीचे पैसे देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा आतूनच बाहेर जोडणी सुरू करणारा उपाय निवडावा. बऱ्याच कॅमेऱ्यांची अॅप असंच करतात: कॅमेरा स्वतः तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो, आणि मोबाइलही तिथेच जातो. असे कॅमेरे सीजीनॅटमागेही चालतात. कार्यालयासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी कुलूपबंद खासगी जोडणी, हाच भरवशाचा मार्ग. संगणक थेट इंटरनेटवर उघडा टाकण्यापेक्षा तो सुरक्षितही आहे. नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६च्या पत्त्यांची टंचाई नाही, आणि प्रत्येक उपकरणाला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो. पण तिथे वॉचमनची वही नसते, त्यामुळे राउटरमधली आयपीव्ही६ची फायरवॉल चालू असल्याची खात्री करायलाच हवी.

सार्वजनिक पत्ता मिळाला तरी तो जुना नव्हे, नवा असतो. जुना पत्ता जिथे जिथे लिहून ठेवला होता, त्या सगळ्या जागा आठवून काढा: मोबाइलमधलं कॅमेऱ्याचं अॅप, डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या पत्त्याला ठरावीक नाव देणाऱ्या सेवेचं) खातं, मुख्य कार्यालयाचा व्हीपीएन, आणि ‘फक्त याच पत्त्यावरून प्रवेश’ असं ठरवून दिलेलं एखादं सॉफ्टवेअर. यांतल्या काही नोंदी दुसऱ्यांच्या यंत्रांत असतात, तेव्हा त्यांना आधी कळवलेलं बरं.

म्हणून नव्या कंपनीला वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी तिच्या माणसाला विचारा: जोडणी डीएचसीपी की पीपीपीओई, माझा स्वतःचा राउटर चालेल का, डबी ब्रिज करून मिळेल का, आणि सार्वजनिक पत्ता मिळतो की सीजीनॅट? उत्तरं लिहून घ्या, युजरनेम-पासवर्ड असेल तर तोही कागदावर मागून घ्या, आणि तो माणूस घरात असतानाच तुमचा स्वतःचा राउटर जोडून पाहा.